रिकामी होरी गेली नाही

थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळची, पाण्यालगत बसकी ती उंदेरी. तिच्यापलीकडे खोल पाण्यात, दोन टेकड्या डोक्यावर घेऊन उभी ती खांदेरी. 1679 च्या पावसाळ्यापर्यंत या दोन्ही खडकांवर तट नव्हता, बुरूज नव्हता, पण मालकी सांगणारे मात्र बरेच होते. वसई-चौलच्या पोर्तुगीजांना ती आपली वाटत. मुंबई बेट इंग्रजांकडे आलं, त्याबरोबर ही बेटंही आलीच, असं इंग्रज म्हणत. जंजिऱ्याच्या सिद्दीला आपल्या दर्यात दुसरं कुणी नको होतं. आणि किनारा शिवाजी महाराजांचा होता.

माझी आजी थळची कोळीण. तिला या चौघांच्या दाव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी खांदेरी कोळ्यांची, कारण तिथला वेताळ कोळ्यांचा. ती सांगायची, "बाय, रिकामी होरी खांदेरीला कधी गेली नाय. जाताना धोंडा न्यायचा, येताना मावरं आणायचं." हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं. धोंडा कशासाठी, यावर मात्र घरात एकमत नव्हतं. आजी म्हणे, वेताळाच्या मानाचा. आजा म्हणे, मानाचा कसला, महाराजांचा हुकूम होता, तटाला दगड कमी पडू द्यायचा नाही. दोघं यावरून पडवीत तावातावाने भांडत, आणि आम्ही पोरं ऐकत बसायचो.

मोठी झाल्यावर मी त्या काळावरची पुस्तकं वाचू लागले. इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून निघालेला इतिहास वाचताना आज्याचं म्हणणं मला पानोपानी भेटत गेलं.

महाराजांना हा खडक का हवा होता, ते सिद्दीच्या आरमाराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सिद्दी औरंगजेबाचा दर्यासारंग. त्याचं आरमार पावसाळ्यात माझगावला, म्हणजे इंग्रजांच्या मुंबईत, येऊन राहायचं. पाऊस ओसरला की तिथूनच निघून कुलाब्याच्या किनाऱ्यावर, पेण-नागोठण्याच्या खाड्यांवर धाड घालायची. गावं जाळायची, माणसं धरून न्यायची. इंग्रजांना हे आवडत नसे. पण त्यांची मोठी वखार सुरतेत, सुरत मोगलांची, म्हणून सिद्दीला दार बंद करण्याची हिंमत त्यांना होत नव्हती. मुंबईच्या बंदरात शिरणारं आणि बाहेर पडणारं प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसतं. तिथे तोफा बसल्या की सिद्दीच्या वाटेवर पहारा बसला आणि इंग्रजांच्या उंबरठ्यावरही.

पहिला प्रयत्न 1672 मध्ये झाला. इंग्रज आणि सिद्दी दोघांची जहाजं समोर आली आणि काम थांबवावं लागलं. दर्यातल्या खडकावर किल्ला बांधणं म्हणजे नुसतं गवंडीकाम नव्हे, हे महाराजांना पुरतं ठाऊक होतं. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहत असताना त्यांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. साल 1675. किल्ल्याला नेमून दिलेले पैसे आणि धान्य त्याने पोचवलं नव्हतं. आरमार तिथे झुंजतंय आणि तुम्ही रसद अडवून बसता, तेव्हा तुम्ही गनिमाला सामील झालात असंच म्हणावं लागेल, अशा अर्थाचे खरमरीत शब्द त्या पत्रात आहेत. जातीचा मुलाहिजा धरला जाणार नाही, असंही बजावलं आहे. मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचते. त्यात तोफेपेक्षा दाण्यागोट्याची काळजी जास्त आहे. समुद्रातल्या खडकावर माणूस उतरवता येतो. पण त्याला रोज पाणी पाजायचं, जेवू घालायचं, हातात दगड-चुना द्यायचा, हे काम किनाऱ्यावरच्या माणसांचं असतं.

1679 च्या ऑगस्टअखेरीस महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि कामाला लागला. दर्या अजून पुरता निवळलेला नव्हता. नारळी पौर्णिमा झाली म्हणून पाणी लगेच शहाणं होत नाही. इंग्रजांनी निरोप धाडला, बेट आमचं आहे, निघून जा. मायनाकाने कळवलं, धन्याचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही. तेव्हा इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली. त्यांचा हिशोब साधा होता. खडकावर धान्य पिकत नाही, बाहेरून काही पोचू दिलं नाही की माणसं आपोआप उतरतील. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वरून मारा झाला आणि तो तिथेच मारला गेला.

ऑक्टोबरात, 18 तारखेला, दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार पहाटे चालून आलं. इंग्रजांची जहाजं आठ, त्यांत ‘रिव्हेंज’ हे मोठं लढाऊ जहाज. मराठ्यांची गलबतं लहान, पण संख्येने पाच-सहा पट. इंग्रजांचा ‘डव्ह’ नावाचा गुराब मराठ्यांच्या हाती लागला. उरलेल्यांतली बहुतेक जहाजं पांगली. ‘रिव्हेंज’ने मात्र तोफांच्या बळावर टिकाव धरला आणि मराठी गलबतं उथळ पाण्याकडे मागे फिरली. इंग्रजी इतिहासकारांना ही लढाई फार आवडते. एक जहाज, पन्नास शत्रू, धूर, विजय. ते जहाज शर्थीने लढलं, यात शंका नाही. पण त्या विजयाने खांदेरीवरचा एक दगडही हलला नाही. बांधकाम चालूच राहिलं.

कारण रसद थांबली नव्हती. इथे मला आजा आठवतो. तो पाण्याचा जाणकार. इंग्रजांनी नाकेबंदी केली तर होऱ्या कशा जायच्या, असं मी विचारलं होतं, तर त्याने वाळूवर बोटाने किनारा काढून दाखवला. रात्री जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा सुटतो. तो आपला. सुकती लागली की पाणीही बाहेर ओढतं, तेही आपलं. काळोखाची रात्र बघायची, दिवा लावायचा नाही, वल्ह्याचा आवाज करायचा नाही. मोठं जहाज नांगरावर असतं. नांगर उचलून शीड उभारेपर्यंत होरी खडपांच्या आत. तिथे मोठं जहाज येत नाही, आलंच तर फुटतं. परत यायचं पहाटेच्या भरतीवर. आज्याला इंग्रजी येत नव्हतं, पण मुंबईहून सुरतेला गेलेल्या पत्रांतली कुरकुर नेमकी हीच आहे: आमच्या नजरेसमोरून लहान लहान बोटी रात्री निसटतात, त्या वारा कापत जातात आणि आमची जहाजं त्यांना गाठू शकत नाहीत.

त्या बोटींवरच्या माणसांची नावं कुठे नाहीत. मायनाक, दौलतखान, थॉर्प, सगळ्यांची नावं आहेत. तांदळाची पोती आणि पाण्याची पिंपं घेऊन तोफांच्या मधून गेलेल्या कोळ्यांची, भंडाऱ्यांची नाहीत. याची मला मनापासून हळहळ वाटते. बेट कुणाचं, या प्रश्नाचा निकाल त्या चार महिन्यांत त्यांच्या खेपांनीच लावला.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदत नावाला. बेट जिंकलं तर ते आपल्यालाच ठेवायचं, हा त्याचा विचार इंग्रजांना कळायला वेळ लागला नाही. तिकडे मराठी फौजा कल्याणकडे जमू लागल्या आणि मुंबईलाच धोका दिसू लागला. जहाजांचा खर्च वाढत चालला. शेवटी जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी जहाजं मागे घेतली आणि मार्चमध्ये तह झाला. 3 एप्रिलला महाराज गेले.

पण त्याच जानेवारीत सिद्दी उंदेरीवर उतरला. मायनाकाने जे खांदेरीवर केलं तेच त्याने उंदेरीवर केलं. माणसं उतरवली, तोफा चढवल्या, दगड रचायला घेतले. दौलतखान लगेच चालून गेला, पण त्याला माघार घ्यावी लागली. संभाजी महाराजांच्या माणसांनीही त्याच वर्षी प्रयत्न केला, तोही फसला. आणि मग थळच्या समोर एकमेकांवर तोफा रोखलेले दोन किल्ले उभे राहिले, ते पुढली ऐंशी वर्षं. खांदेरीची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते. थळच्या बाजूने पाहिलं तर ती निम्मीच गोष्ट आहे. उंदेरी किनाऱ्याच्या जास्त जवळ. तिथला सिद्दी थळच्या वाडीत कोण आलं-गेलं ते बघू शकत असे. आमच्या आजीला सिद्दीच्या धाडींच्या गोष्टी सांगायला आवडत नसे. विचारलं तर ती एवढंच म्हणे की तेव्हा बायका सुकत घातलेली मासळी टाकून माडांत पळत.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आली. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परतला. या पराभवाचा राग एका निरपराध माणसावर निघाला. मुंबईतला बडा सारस्वत व्यापारी रामा कामती आंग्र्यांना आतून सामील आहे, असा आरोप ठेवून 1720 मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती, हे पुढे उघड झालं. तोवर त्याची मालमत्ता गेली होती आणि तो कैदेतच मेला.

उंदेरी पेशव्यांच्या माणसांनी घेतली ती 1760 च्या जानेवारीत. बांधायला सुरुवात झाली त्याला बरोबर ऐंशी वर्षं होत होती.

इंग्रजी अंमल आला आणि दोन्ही किल्ले ओस पडले, तरी खांदेरीचं बेट रिकामं राहिलं नाही. 1867 मध्ये तिथे दीपगृह उभारलं गेलं. आजा तरुणपणी त्या दीपगृहावर शिधा पोचवायच्या खेपा करायचा: तांदूळ, घासलेट, कांदे, पत्रं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे होरी लागायची नाही, आणि वरची माणसं दुर्बीण लावून थळकडे बघत बसायची, असं तो सांगे. तेव्हा त्याला सतराव्या शतकातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. वारा, सुकती, खडपातली वाट, सगळं तेच होतं.

मी खांदेरीला गेले तेव्हा तटाखाली किनाऱ्याने टाकलेले मोठमोठे दगड पाहिले. त्यांना कालवं चिकटून त्यांची कवचं सुरीसारखी धारदार झाली आहेत. अनवाणी उतरणाऱ्याचे पाय फाडायला ती पुरेशी आहेत, आणि लाटाही तटाऐवजी आधी त्यांच्यावर फुटतात. आज्याने वादात हाच दाखला दिला असता. वेताळाच्या देवळात शेंदूर नाही, पांढऱ्या रंगाने रंगवलेली शिळा आहे, आणि होळीच्या सुमाराला कोळी तिथे आजही जातात. आजीनेही हार मानली नसती.

1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं गेलं. नौदलाच्या दोन पाणबुड्यांना खांदेरी हे नाव मिळालं, दुसरी 2019 मध्ये सेवेत आली. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. मला त्याचा अभिमान आहे. सिद्दीने बांधलेली उंदेरी त्या यादीत नाही. पण खांदेरीच्या तोफा कुणाकडे रोखल्या होत्या, हे उंदेरीवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. थळच्या समोरचं ते पाणी कळायचं असेल तर दोन्ही बेटं पाहायला हवीत. खांदेरीला धक्का आहे, बोट थेट लागते. उंदेरीला धक्का नाही. तिथे जायचं तर आदल्या दिवशी थळच्या बंदरावर जाऊन एखाद्या जुन्या तांडेलाला पाण्याची वेळ विचारा, आणि वाटेत त्याला त्याच्या घरची गोष्टही विचारा. माझ्या आजी-आज्याच्या गोष्टीपेक्षा ती नक्कीच वेगळी निघेल.