वरातीतल्या बँजोची कुळकथा

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात वरात निघाली आणि टेम्पोवरच्या भोंग्यांतून गाण्याची चाल कडकडत आली, की ती चाल बहुतेक वेळा बँजोची असते. स्टँडवर आडवी ठेवलेली लांबट लाकडी पेटी, वर बटणांची रांग, बटणांखाली पोलादी तारा आणि पेटीतून निघून अँप्लिफायरकडे गेलेली एक वायर. डावा हात बटणे दाबतो, उजव्या हातातली प्लॅस्टिकची पत्ती तारा छेडते. तारांचे आणि विजेवर चालणारे हे वाद्य नात्याने इलेक्ट्रिक गिटारचे भावंडच आहे. फरक इतकाच, की गिटारच्या शौकिनांना आपल्या गिटारची कंपनी, साल आणि लाकूड तोंडपाठ असते, तर बँजो कुठून आला हे तो वाजवणाऱ्यालाही कुणी कधी विचारत नाही. आपल्या गावातल्या इतक्या लग्नांना ज्याने नाचवले, त्याचे कूळ आपल्याला ठाऊक असायला हवे.

अमेरिकेत बँजो म्हणतात ते वाद्य निराळे. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते तिकडे रुजवले. ते गोल असते आणि त्यावर कातडे ताणलेले असते. आपल्या बँजोला कातडे नाही, आणि त्याचे घराणेही अमेरिकेतले नाही. ते आहे जपानमधल्या नागोया शहरातले.

१९१२ साली जपानमध्ये नवा सम्राट गादीवर आला आणि ताइशो कालखंड सुरू झाला. त्याच वर्षी नागोयाच्या मोरिता गोरो यांनी एक नवे वाद्य बाजारात आणले. दोन तारांचे एक जुने जपानी वाद्य त्यांनी पायाला घेतले आणि त्यावर टाइपरायटरसारखी बटणे बसवली. नव्या कालखंडावरून त्याचे नाव पडले ताइशोगोतो.

मोरितांची खरी करामत बटणांत आहे. सतार असो, व्हायोलिन असो की गिटार, नवशिक्याचा बराच काळ तारेवर बोट नेमके कुठे आणि कसे दाबायचे हे शिकण्यात जातो. ताइशोगोतोत बोट तारेला लागतच नाही. बटण दाबले की त्याच्या खालची पट्टी तारेला ठरल्या जागी पडद्यावर दाबते, बोट उचलले की स्प्रिंग बटणाला वर आणते. सूर चुकायला जागाच नाही. बटणांवर आकडे असल्यामुळे गाणे आकड्यांत लिहून देता येई. गुरू परवडत नाही, शिकवणी लावायला वेळ नाही, पण घरात संगीत हवे आहे, अशा माणसासाठी हे स्वस्त वाद्य होते, आणि म्हणूनच ते जपानबाहेर इतके दूर गेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते ताराब संगीतात शिरले. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढला आणि ते बेंजू झाले. भारतात ते बुलबुल तरंग झाले, जपान बँजो म्हणूनही विकले गेले, आणि कव्वालांच्या बैठकीत हार्मोनियमशेजारी जाऊन बसले.

भारतीय कारागिरांनी त्याची नुसती नक्कल केली नाही. बटणांखालच्या तारांच्या बाजूला त्यांनी आणखी तारा ताणल्या. त्या बटणांनी दबत नाहीत, आपल्या षड्ज-पंचमाचा भरणा सतत देत राहतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानांनी परदेशी पेटीत केलेली ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. एक उणीव मात्र राहिली. बोट तारेला लागत नाही, म्हणून सतारीसारखी तार खेचून मींड काढता येत नाही. त्यावरही वादकांनी वाट काढली. बटण जास्त जोराने दाबले की तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. पत्ती झरझर चालवली की तुटक सुरांतून लांब स्वराचा भास होतो. वरातीतला बँजो गातो असे वाटते, ते या दोन युक्त्यांमुळे.

पण बुलबुल तरंगचा आवाज खोलीपुरता. रस्त्यावर ताशा-हलगीपुढे तो कुणाला ऐकू जाणार? इथे गिटारचे घराणे मदतीला आले. अमेरिकेत जॉर्ज बोशांप यांनी १९३१ साली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे वापरून पिकअप तयार केला. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात तशीच थरथरती वीज उमटते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. पुढे रिकनबॅकर म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९३२ साली हा पिकअप बसवलेली गिटार विकायला काढली, आणि ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. विजेच्या गिटारची पहिली ओळखच आडव्या वाद्याची आहे. त्यामुळे आडव्या पोलादी तारांच्या बँजोला पिकअप बसवणे ही जुळवाजुळव नव्हती, ते एका कुळातले लग्न होते.

मग बँजोभोवती वादकांची पार्टी उभी राहिली. कच्छी ढोल, ताशा, हलगी, पुढे कॅसिओचा कीबोर्ड, आणि रोलंड कंपनीने १९८५ साली आणलेले विजेचे तालवाद्य ऑक्टोपॅड. सोबत जनरेटर आणि भोंगे. भोंग्यातून खर्ज फारसा बाहेर पडत नाही, मधला आणि वरचा सूरच धारदार होऊन येतो. बँजोची ओळखीची धार तारेइतकीच या भोंग्याचीही आहे. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला, तेव्हा शहरातल्या काही प्रेक्षकांनी या वाद्याकडे पहिल्यांदा निरखून पाहिले असेल.

तुमच्या घरी, गावातल्या जुन्या पार्टीकडे किंवा भंगारवाल्याकडे असा बँजो असेल, तर आधी पिकअप पाहा. पेटीला आवाजाचे भोक आहे, पिकअप वरून स्क्रूने आवळलेला आहे आणि वायरचे भोक ओबडधोबड पाडलेले आहे, तर ती मुळात साधी पेटी होती, वीज नंतर आली. पेटी बंद आहे, आवाजाची बटणे अंगातच बसवलेली आहेत, तर ती बहुधा विजेसाठीच घडवली. दर्शनी बाजूला रंगवलेले नाव पार्टीचे असू शकते, म्हणून कारागिराची चिठ्ठी तळाशी किंवा आतल्या बाजूला शोधा. मग पडदे पाहा. ज्या पडद्यांवर तारेने खोल चरे पाडले आहेत, तिथे त्या वादकाची पट्टी आणि त्याची आवडती गाणी राहिली आहेत. पडदे घासून गुळगुळीत करू नका. जुना पिकअप घरघरतो म्हणून फेकू नका. एकेरी वेटोळे विजेच्या लाइनची गुणगुण पकडतेच, तो त्याचा धर्म आहे. तारा सैल करून पेटी कोरड्या जागी ठेवा, म्हणजे लाकूड वाकणार नाही.

आज अनेक वरातींत डीजेच्या भिंतींनी बँजोची जागा घेतली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर घातलेले बंधन योग्यच आहे. त्याचा राग वाद्यावर निघू नये. डीजेवाला दुसऱ्याचे गाणे लावतो, बँजोवाला ते स्वतःच्या हाताने वाजवतो.

पुण्यात राजा केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये जपून ठेवलेली आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही या जिल्ह्यात वाजलेला एक बँजो ठेवावा, त्याच्या भोंग्यासकट, आणि शेजारी वादकाचे नाव, त्याचे गाव आणि त्याने पहिली सुपारी घेतली ते साल लिहावे. ज्यांच्याकडे अशी पेटी पडून असेल त्यांनी ती किलोच्या भावात घालण्याआधी वाजवणाऱ्या माणसाला गाठावे आणि हे तीन तपशील कागदावर उतरवून घ्यावेत.