वेबलागेस्तानचा मागोवा : फारसी ब्लॉगलेखनाचे वाचक, अनुवादक आणि पुरस्कर्ते

एखाद्या लेखकसमूहाचा इतिहास लिहिताना लेखक आणि त्यांच्या कृती यांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे त्या समूहाचा मागोवा घेणाऱ्यांकडे दिले जात नाही. सूची करणारे, निवड करणारे, अनुवाद करणारे आणि इतरांना 'हे वाचा' असे सांगणारे लोक साहित्येतिहासात बहुधा तळटीपेत राहतात. वास्तविक, विखुरलेल्या लेखकांना 'समूह' म्हणून ओळख मिळते ती पुष्कळदा त्यांच्यामुळेच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उदयास आलेला फारसी ब्लॉगलेखकांचा समूह या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याचा मागोवा कोणी घेतला, पुरस्कार कोणी केला आणि त्या पुरस्कारात काय टिकले व काय गळाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या समूहाने स्वतःला दिलेले नावच बोलके आहे. 'वेबलाग' या परभाषी शब्दाला 'स्तान' हा स्थलवाचक प्रत्यय जोडून 'वेबलागेस्तान' हा शब्द घडला. 'गुलिस्तान', 'बोस्तान' ही सादीच्या ग्रंथांची नावे ज्या वाचकाच्या कानात आहेत, त्याला या शब्दातला विनोदही जाणवतो आणि दावाही. येथे लेखनाला भूमी मानले आहे. आणि भूमी म्हटली की रहिवासी, सीमा व नकाशे आलेच.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९९७ मध्ये मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर इराणमध्ये सुधारणावादी वृत्तपत्रांना काही काळ बहर आला. एप्रिल २००० मध्ये त्यांपैकी दहाहून अधिक नियतकालिके अल्पावधीत बंद करण्यात आली. लिहिण्याची सवय लागलेला, परंतु छापण्याची जागा गमावलेला एक वर्ग त्यामुळे निर्माण झाला. ७ सप्टेंबर २००१ रोजी सलमान जरीरी यांनी फारसीतील पहिला मानला जाणारा ब्लॉग सुरू केला. त्याच सुमारास टोरांटोत स्थायिक झालेले पत्रकार होसेन दरख्शान यांनी 'सरदबीर : खोदम', म्हणजे 'संपादक : मी स्वतः', या नावाने लेखन आरंभले. त्यांचे महत्त्वाचे कार्य नोव्हेंबर २००१ मधले आहे. युनिकोडच्या साहाय्याने फारसी लिपीत ब्लॉग कसा लिहावा, याची सोपी मार्गदर्शिका त्यांनी प्रसिद्ध केली. पुढे २००२ मध्ये 'पर्शियनब्लॉग' आणि २००४ मध्ये 'ब्लॉगफा' या फारसी सेवा सुरू झाल्या, आणि तंत्राची अडचण जवळजवळ संपली. या समूहाच्या आरंभी एखादी थोर साहित्यकृती नसून एक मार्गदर्शिका आहे, ही गोष्ट साहित्येतिहासकाराने नजरेआड करू नये.

प्रत्येक ब्लॉगच्या कडेला इतर ब्लॉगांच्या दुव्यांची यादी असे. वरवर पाहता ही केवळ सोय होती. परंतु फारसी वाङ्मयाच्या परंपरेत अशा यादीला पूर्वज आहेत. कवींची चरित्रे आणि निवडक रचना एकत्र करणारा 'तज्किरा' हा ग्रंथप्रकार शतकानुशतके हेच कार्य करीत आला. दौलतशाह समरकंदीने पंधराव्या शतकात रचलेला तज्किरा प्रसिद्ध आहे. भारतात या परंपरेचे एक महत्त्वाचे केंद्र औरंगाबाद होते. गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) यांनी तेथे वास्तव्य करून 'सर्व-ए-आझाद' आणि 'खजाना-ए-आमिरा' यांसारखे तज्किरे सिद्ध केले. त्यांची कबर खुलताबादला आहे. इराण, मध्य आशिया आणि हिंदुस्थान यांत विखुरलेल्या फारसी कवींना एकाच वाङ्मयीन प्रदेशाचे नागरिकत्व मिळाले ते अशा ग्रंथांतून. तज्किराकार निवड करीत असे, आणि ज्याला तो वगळी त्याची आठवण पुढे दुर्मीळ होई. ब्लॉगच्या कडेची यादी हा एका अर्थी रोज बदलणारा तज्किरा होता. फरक एवढाच की येथे प्रत्येक लेखक स्वतः तज्किराकारही होता.

समूह आकारास येताच त्याच्या भाषेवरून वाद झाला. २००३ च्या शरद ऋतूत 'खाबगर्द' या ब्लॉगचे लेखक रेझा शोकरोल्लाही यांनी ब्लॉगलेखनातील 'एब्तेझाल'वर, म्हणजे सवंगपणावर, टीका केली. शुद्धलेखनाची हेळसांड आणि विचारांचा उथळपणा हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. उत्तरादाखल अनेक ब्लॉगलेखकांनी बोलीचा आणि अनौपचारिकतेचा हक्क मांडला. लेखी फारसीत 'नान' लिहितात, पण तेहरानच्या बोलीत 'नून' म्हणतात. जसे बोलतो तसे लिहिले तर भाषा भ्रष्ट होते की जिवंत राहते, असा तो प्रश्न होता. मानवशास्त्रज्ञ अलीरेझा दूस्तदार यांनी २००४ मध्ये 'अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट'मधील निबंधात या वादाची चिकित्सा केली. सांस्कृतिक अधिकार असलेला बुद्धिजीवी वर्ग आणि तो अधिकार न मानणारे नवे लेखक यांच्यातील संघर्ष त्यांनी त्यात पाहिला. वादाचे मूळ मात्र जुने आहे. १९२१ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध झालेल्या 'येकी बूद व येकी नबूद' या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत मोहम्मद अली जमालजादे यांनी लोकांच्या भाषेला गद्यात स्थान देण्याचा आग्रह धरलाच होता. म्हणजे ब्लॉगलेखक ज्या प्रश्नाशी झगडत होते तो आधुनिक फारसी गद्याचाच मध्यवर्ती प्रश्न होता.

हा वाद फारसीबाहेर फारसा पोहोचला नाही. बाहेर पोहोचल्या त्या अटकेच्या बातम्या. एप्रिल २००३ मध्ये पत्रकार सीना मोतल्लेबी यांना अटक झाली. ब्लॉगलेखनाशी निगडित अशी जगातील ही आरंभीची अटक होती. तिच्याविरुद्ध ब्लॉगलेखकांनी निषेधाचे निवेदन फिरविले. फेब्रुवारी २००५ मध्ये आरश सिगारची यांना १४ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. ती पुढे कमी झाली. मोज्तबा समीनेजाद त्यावेळी कैदेत होते. या दोघांच्या सुटकेसाठी २२ फेब्रुवारी २००५ हा दिवस अनेक देशांतील ब्लॉगलेखकांनी पाळला. त्याच काळात, २००४ च्या अखेरीस, हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रातून 'ग्लोबल व्हॉइसेस' हा उपक्रम आकारास आला आणि निरनिराळ्या देशांतील ब्लॉगलेखनाचा सारांश व अनुवाद इंग्रजीत नियमितपणे मिळू लागला. २००५ मध्ये नसरीन अलवी यांचे 'वी आर इराण' हे पुस्तक निघाले. त्यात फारसी ब्लॉगांतील उतारे इंग्रजीत अनुवादून त्यांना इराणच्या समकालीन इतिहासाच्या कथनात गुंफले होते.

या पुरस्काराचे मोल कमी लेखता येत नाही. कैदेतील लेखकाचे नाव परदेशात उच्चारले जाणे हे काही वेळा त्याच्यासाठी एकमेव संरक्षण असते. तथापि पुरस्काराला स्वतःची निवडदृष्टी असते. 'बंद समाजातील मुक्त आवाज' या चौकटीत जे बसले ते अनुवादात आले. परीक्षेची धास्ती, गझलेवरची चर्चा, आजीच्या घराची आठवण, नाटकाचे परीक्षण, मोहर्रमचे वर्णन हे सारे अनुवादकाच्या टेबलावर क्वचितच पोहोचले. पोहोचले तरी ते साक्ष म्हणून, लेखन म्हणून नव्हे.

याच काळात राज्यसंस्थेच्या बाजूनेही ब्लॉगलेखनाचा पुरस्कार होत होता. खातमी यांचे सहकारी उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद अली अबताही २००३ पासून स्वतःचा ब्लॉग लिहीत. ऑगस्ट २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनीही ब्लॉग सुरू केला. कोम या धर्मपीठाच्या नगरीत धार्मिक ब्लॉगांच्या प्रसारासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. ब्लॉगलेखन म्हणजे केवळ विरोधकांचे लेखन, ही समजूत या वास्तवापुढे टिकत नाही.

एप्रिल २००८ मध्ये बर्कमन केंद्रातील जॉन केली आणि ब्रूस एटलिंग यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र अधिक स्पष्ट केले. नियमितपणे लिहिल्या जाणाऱ्या फारसी ब्लॉगांची संख्या त्यांनी सुमारे ६०,००० मानली आणि परस्पर दुव्यांच्या आधारे या प्रदेशाचा नकाशा काढला. त्यात चार मोठे विभाग दिसले. पहिला धर्मनिरपेक्ष व सुधारणावादी लेखकांचा. दुसरा पुराणमतवादी व धार्मिक लेखकांचा. तिसरा फारसी काव्य व साहित्याचा. आणि चौथा संमिश्र स्वरूपाचा. काव्याला स्वतंत्र विभाग मिळावा, ही तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने या अभ्यासातील सर्वांत लक्षणीय बाब होय. वृत्तपत्रांनी मात्र तिची दखल फारशी घेतली नाही. पहिल्या दोन विभागांतील विरोधच बातमीचा विषय झाला. २०१० मध्ये 'ब्लॉगिस्तान' हा ग्रंथ लिहिणारे अ‍ॅनाबेल स्रेबेर्नी आणि गुलाम ख्याबानी यांनीही तंत्रज्ञानालाच मुक्तिदाता समजणाऱ्या दृष्टीपासून अंतर राखले आणि हे लेखन इराणच्या सामाजिक व राजकीय इतिहासात ठेवून वाचण्यावर भर दिला.

निवडीच्या या राजकारणाची गंभीर बाजू दोन व्यक्तींच्या बाबतीत दिसते. ओमिदरेझा मीरसय्याफी यांचा 'रूझनेगार' हा ब्लॉग मुख्यतः संस्कृती आणि पारंपरिक संगीत यांविषयी होता. नेत्यांचा अवमान केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १८ मार्च २००९ रोजी तेहरानच्या एविन तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे नाव जगभर गेले. त्यांनी संगीताविषयी काय लिहिले ते गेले नाही. दुसरे उदाहरण स्वतः दरख्शान यांचे. एकेकाळी या समूहाचे सर्वांत ओळखीचे पुरस्कर्ते असलेले दरख्शान पुढे इस्लामी प्रजासत्ताकाच्या धोरणांचे समर्थन करू लागले आणि अनेक जुने सहकारी दुरावले. नोव्हेंबर २००८ मध्ये तेहरानमध्ये त्यांना अटक झाली. २०१० मध्ये साडेएकोणीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांच्या सुटकेची मागणी करावी की नाही, याविषयी पूर्वीच्या समर्थकांत एकमत राहिले नाही. ज्याचे मत रुचत नाही त्याच्या लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार करावयाचा का, हा प्रश्न तेव्हा तत्त्वचर्चेपुरता उरला नव्हता. एका माणसाची कैद त्याच्याशी निगडित होती.

समूहाची पांगापांगही मागोव्याच्या साधनांशी जोडलेली आहे. २००९ च्या निवडणुकीनंतरच्या दडपशाहीत अनेक लेखक गप्प झाले, काहींनी देश सोडला. फेसबुक आणि ट्विटर रोखले गेल्यावर बऱ्याच वाचकांनी 'गूगल रीडर' या वाचनसाधनाचा आश्रय घेतला. तेथे आवडता मजकूर इतरांना पाठविता येई आणि त्याखाली टिपणही लिहिता येई. इराणी वाचकांनी त्याला 'गूदर' असे लाडके नाव दिले. मागोवा घेण्याचे साधनच अशा रीतीने बैठकीचे स्थान बनले. २०११ च्या अखेरीस कंपनीने त्यातील परस्परांना मजकूर देण्याची सोय काढली आणि १ जुलै २०१३ रोजी ती सेवाच बंद केली. जे काम दडपशाहीने अर्धवट केले होते ते दूरच्या एका व्यापारी निर्णयाने पुढे नेले. २०१५ मध्ये 'ब्लॉगफा' दीर्घकाळ बंद पडली आणि तिच्यावरील बराच मजकूर नष्ट झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुक्त झालेल्या दरख्शान यांनी जुलै २०१५ मध्ये लिहिलेल्या निबंधात दुव्यांच्या ऱ्हासाविषयी खंत व्यक्त केली. दुव्यांनी जोडलेले विकेंद्रित लेखन मागे पडून त्याची जागा समाजमाध्यमांच्या एकतर्फी प्रवाहाने घेतली, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

या इतिहासातून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासमोर एक पद्धतीचा प्रश्न उभा राहतो. मराठीने फारसीकडून 'रोज' हा शब्द घेतला आणि 'रोजनिशी' घडविली. नासिरुद्दीन शाहच्या दरबारातील एतेमादुस्सल्तनेची प्रसिद्ध दैनंदिनी ही या प्रकारची फारसी भगिनी. एकेकाळी दख्खनमधील वाचक फारसी लेखनाचा मागोवा थेट घेत होता. वेबलागेस्तान मात्र भारतीय वाचकाला बहुतांशी इंग्रजीतूनच भेटले. त्यामुळे त्याच्या हाती आलेला संग्रह हा त्या समूहाचा नसून त्याच्या पुरस्कर्त्यांच्या निवडीचा आहे, याचे भान आवश्यक ठरते. मूळ लेखनाचा मोठा भाग यंत्रांवरून पुसला गेल्यामुळे ती निवडच अनेक ठिकाणी एकमेव पुरावा होऊन बसली आहे. तज्किऱ्यांतून केवळ नावाने उरलेल्या कवींची स्थिती अशीच आहे. अशा वेळी अनुवादित उताऱ्यांइतकेच दुव्यांच्या याद्या, वाचकांची टिपणे आणि वगळलेल्या विषयांच्या खुणा जपणे व वाचणे हे इतिहासलेखनाचे काम ठरते. ते राहून गेले तर फारसी गद्याच्या एका दशकाचा इतिहास कैद्यांच्या यादीपुरता उरेल. आणि त्या यादीतल्या माणसांना ज्या लेखनासाठी शिक्षा भोगावी लागली, ते लेखन वाचणारा कोणी राहणार नाही.