बाटलीतली मुसळी

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास निघाला, की आपण सिंदखेडचे जाधव आणि लोणारचे सरोवर यांपाशी थांबतो. जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. त्याच्या झाडपाल्यालाही इतिहास आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. म्हणून आज मी सफेद मुसळीची हकीकत सांगणार आहे.

मुसळी पहिल्या पावसाबरोबर उगवते, पांढरी फुले धरते आणि पाऊस सरता सरता पाने झडून जमिनीआड होते. वैद्यांची सारी मदार तिच्या मुळ्यांवर. १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून ठेवले. पुढे बाजारात तिचा भाव चढला आणि बी गळण्याआधीच मुळाशी कुदळ पडू लागली. ज्याच्या घरची चूल थंड, त्याने पाने झडण्याची वाट तरी कशी पाहावी? त्यात तिचे बीही फारसे रुजत नाही.

उपाय आला तो दूरच्या वाटेने. वनस्पतीच्या एकट्या पेशीपासूनही नवे रोप व्हावे, ही कल्पना ऑस्ट्रियाच्या हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. त्यांच्या पेशी जगल्या, पण एकीच्या दोन झाल्या नाहीत. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशींसाठी क्षारांचे नेमके मिश्रण बसवले. तेच पुढे जगभर रूढ झाले. १९६४ साली दिल्लीत शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून रोपे उगवून दाखवली. उकिरड्याकडेला वाढणारा आपला धोत्रा असा जगाच्या शास्त्रात जाऊन बसला! आणि १९९४ साली उदयपूरच्या पुरोहित, दवे व कुकडा यांनी बाटलीत मुसळी वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली.

रीत ऐकायला सोपी आहे. कोवळा कोंब निर्जंतुक करून क्षार, साखर आणि वाढीची द्रव्ये घातलेल्या खळीवर ठेवायचा. एकाचे अनेक कोंब होतात. ते सुटे करून त्यांना मुळे फुटू द्यायची आणि मग रोपे हळूहळू मातीची व उघड्या हवेची सवय लावून शेतात न्यायची.

पण एका कोंबाची ही संतती सामान्यतः एकाच गुणाची असते. एकीला जो रोग बाधेल तो साऱ्यांना बाधण्याची भीती. रानात मात्र दर झाडाचा पिंड निराळा. शिवाय बाटलीत घालायचा पहिला कोंब कोणत्या ना कोणत्या रानातूनच यावा लागतो. म्हणून मला वाटते, प्रयोगशाळेने रानावरचा भार हलका करावा. रानाची जागा तिला घेता येणार नाही. सातपुड्यातली मुसळी संपली, तर बाटल्या कितीही भरलेल्या असोत, आपले बियाण्याचे कणगे रिकामेच राहील.