दिरंगाई

दिरंगाई : सोपविलेले काम वेळेवर न करता लांबणीवर टाकण्याची वृत्ती वा कृती. मूळ शब्द फार्सी ‘दिरंग’ (उशीर, थांबणे). त्याच भाषेतील ‘दिराज’ (लांब) व संस्कृत ‘दीर्घ’ हे सजातीय असून ‘दिरंग’चे मूळही त्याच शब्दकुलात मानतात. परका म्हणून ओळखला जाणारा हा शब्द, अशा रीतीने, दूरच्या नात्याने घरचाच आहे.

फार्सीत ‘दिरंग’ला दोषाची छटा असतेच असे नाही, विचारासाठी थबकणे हेही दिरंगच, आणि ‘बेदिरंग’ म्हणजे ताबडतोब. मराठीने त्यास ‘आई’ हा प्रत्यय जोडला. हा प्रत्यय बहुधा विशेषणास लागतो (उदा., महाग–महागाई, चतुर–चतुराई), येथे तो नामास लागून त्यातून माणसाचा दोष सूचित होऊ लागला. आगगाडीला विलंब होतो, पावसाला उशीर होतो. दिरंगाई मात्र कोणीतरी केलेली असते. टाळाटाळीत काम चुकविण्याचा हेतू उघड असतो, तर दिरंगाई करणारा नकार कधीच देत नाही.

अशा शब्दांचा वावर मुख्यत्वे कचेऱ्यांत होता. परभणी जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा आधी फार्सी व सुमारे १८८४ पासून उर्दू होती. जिल्हाधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत. मराठी बोलणाऱ्या कुळाचा अर्ज, त्याची मिसल, पेशी, मोहलत हे सारे त्याला वाचता न येणाऱ्या लिपीत चाले. आपले काम कोठे अडले हे त्याला कळत नसे. अडल्याचे नाव तेवढे ठाऊक असे. दिरंगाई हा शब्द मात्र केवळ मराठवाड्याचा नव्हे. तो सर्व महाराष्ट्रात रूढ आहे.

१९४८ नंतर व विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) शासनव्यवहारात संस्कृतोद्‌भव परिभाषा आली आणि ‘विलंब’ प्रतिष्ठित झाला. बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणारा विलंब यांसंबंधीच्या २००५ च्या राज्य अधिनियमाच्या नावातही ‘विलंब’च आहे. कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे राहू नये, असे त्यात म्हटले आहे. शिस्तभंगाच्या कारवाईसाठी विलंब हेतुपुरस्सर असावा लागतो. ‘विलंब’ या शब्दात दोषाचा अर्थ नसल्याने हे विशेषण जोडणे भागच होते. लोकांनी व वृत्तपत्रांनी या कायद्याला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हटले. त्यातील ‘दफ्तर’ हा शब्दही फार्सीतूनच आलेला आहे.