खेळाडूची कीर्ती आणि तिची भाकरी

खेळाडूची कीर्ती हे तिच्या अंगच्या गुणाचे फळ होय, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. गुणाला मैदान, संघ आणि पोटाची तरतूद या तीन गोष्टींची जोड मिळाली नाही, तर तो गावच्या वेशीपलीकडे जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. जळकोटच्या वाचकांस हे पटावे म्हणून आम्ही येथे एक आफ्रिकेतील व एक शेजारच्या जिल्ह्यातील, अशी दोन चरित्रे समोरासमोर ठेवीत आहोत.

नायजेरियाच्या असिसात ओशोआला या फुटबॉलमधील आघाडीच्या खेळाडू. त्यांचा जन्म 1994 साली लागोसजवळील इकोरोडू येथे झाला. मुलीने शाळा सोडून चेंडूमागे धावावे हे आईवडिलांस प्रथम रुचले नाही. परंतु 2014 साली कॅनडात भरलेल्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 7 गोल करून त्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या, आणि पुढील वर्षी लिव्हरपूलच्या संघाने त्यांस बोलावून घेतले. तेथून आर्सेनल, मग चीनमधील दालियान, आणि 2019 साली बार्सिलोना असा त्यांचा प्रवास झाला. 2021 साली बार्सिलोनाने युरोपचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा ते पटकावणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी महिला ठरल्या. आफ्रिकेतील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू म्हणून त्यांची सहा वेळा निवड झाली आहे.

हा मार्ग आयता तयार नव्हता. इंग्लंडात 1920 च्या डिसेंबरात स्त्रियांचा एक सामना पाहावयास सुमारे 53,000 लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद संघांची मैदाने स्त्रियांना बंद केली, आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. स्त्रियांची पहिली जागतिक फुटबॉल स्पर्धा 1991 साली चीनमध्ये भरली. म्हणजे गुण होता, प्रेक्षकही होते. नव्हते ते मैदान.

आता आपल्याकडे वळू. खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. त्याला नियमांची शिस्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे व बडोदे येथील व्यायामसंस्थांनी लावली. 1961 साली कोल्हापुरास स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या. म्हणजे स्त्रियांना मैदान देण्यात हा खेळ फुटबॉलच्या पुष्कळ पुढे होता. साधनेही थोडी लागतात: दोन खांब, आखलेली जमीन आणि चपळ पाय. मग उणीव कशाची होती? तिचे उत्तर सारिका काळे यांच्या चरित्रात मिळते.

सारिका काळे धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपला हा जळकोटचा मुलूखही त्याच जिल्ह्यात मोडत असे. घरी अत्यंत ओढग्रस्त. आई शिवणकाम करी. कित्येक वर्षे दिवसाकाठी एकच वेळ जेवण मिळे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. 2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धांत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. आणि त्याच वर्षी पैशाच्या अडचणीमुळे खेळ सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला! देशाच्या कर्णधाराची ही अवस्था. प्रशिक्षकांनी समजूत घातल्यामुळे त्या मैदानावर परतल्या, पुढे शासनाच्या सेवेत तालुका क्रीडा अधिकारी झाल्या, आणि 2020 साली अर्जुन पुरस्काराने गौरविल्या गेल्या. खो-खोला हा सन्मान बावीस वर्षांनी लाभला होता.

या दोन चरित्रांतील भेद कर्तृत्वाचा नाही, व्यवस्थेचा आहे. एकीच्या खेळाला वेतन देणारे संघ होते. दुसरीला सुवर्णपदकानंतरही भाकरीची चिंता होती. तिला अखेर स्थैर्य दिले ते खेळाने नव्हे, नोकरीने. तथापि या नोकरीतही एक लाभ आहे. ओशोआला युरोपात गेल्या. सारिका काळे आपल्याच मुलखात, मुलींना खेळावयास लावण्याच्या कामी राहिल्या.

खो-खोत पाठलाग करणारीला मधेच उलट फिरता येत नाही. तिने मागून खो देऊन बसलेलीला उठवावयाचे असते. तसेच येथे घडले आहे. 2025 च्या जानेवारीत दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक भरला, तेव्हा भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील होती. उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेस 66–16 असे, व अंतिम सामन्यात नेपाळास 78–40 असे नमवून भारताने तो चषक जिंकला.

म्हणजे मराठवाड्यात गुणांचा दुष्काळ नाही. उणीव असेल तर ती आपल्या बाजूस आहे. सुशिक्षित कुटुंबांतून आजही मुलीच्या परीक्षेचे गुण कौतुकाने विचारले जातात. तिला सायंकाळी मैदानावर जाऊ दिले काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा दुसरा प्रश्न ज्या घरात प्रथम विचारला जाईल, त्या घराने पुढच्या कर्णधाराला खो दिला असे समजावे.