इस्पितळापासून गावापर्यंत

लहानपणी हट्ट केला की आम्हाला ‘येरवड्याला पाठवू’ असा धाक असे. धाकाचे कारण इतिहासात आहे. १९१२ चा कायदा उपचारापेक्षा बंदोबस्ताचा. आत जायचे ते बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतलीच. आजार मात्र गावोगाव!

वाट दाखवली कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्याने. १९८० च्या दशकात तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शिकवले, औषधे तिथेच दिली. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क ठरला.

माझ्या मते सुधारणेचे माप एकच : गडचिरोलीतल्या रुग्णाला गोळ्यांसाठी नागपूर गाठावे लागू नये.