षट्कोनी मँगेनाइटे

विरल मृत्तिका मूलद्रव्य, मँगेनीज आणि ऑक्सिजन यांची संयुगे. होल्मियमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या मूलद्रव्यांचे आणि त्यांच्याच पंगतीतल्या यिट्रियमचे आयन लहान असतात, म्हणून स्फटिक षट्कोनी घडतो. लँथॅनमसारखा मोठा आयन घातला की रचनाच बदलते. विदर्भाला मँगेनीज नवे नाही. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे त्याच्या खाणी आहेत. पोलादाच्या भट्टीत जाणाऱ्या या धातूचे सर्वांत विलक्षण रूप मात्र या स्फटिकांत दिसते.

मँगेनीजचे अणू त्रिकोणांच्या जाळीत बसतात. प्रत्येक अणू इवलासा चुंबक, आणि शेजाऱ्याच्या उलट तोंड करणे हा त्याचा स्वभाव. दोघांचे जमते. तिसरा एकाच्या उलट झाला की दुसऱ्याच्या दिशेला जातो. हीच चुंबकीय कोंडी, म्हणजे ‘फ्रस्ट्रेशन’. यिट्रियम मँगेनाइटात चुंबकांमधली ओढाताण सुमारे ५०० केल्विनच्या तोडीची असूनही शिस्त लागते ती सुमारे ७० केल्विनला, म्हणजे उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तीही तिघांनी १२० अंशांची तडजोड करून.

हे स्फटिक फेरोइलेक्ट्रिकही आहेत. १९६३ मध्ये बेर्तो, फोरा आणि फांग यांनी फ्रान्समध्ये ते नोंदवले. विजेचे धन-ऋण ध्रुव येथे आपणहून उभे राहतात, पण दुय्यम परिणाम म्हणून. तापमान सुमारे १२५० केल्विनखाली येताच मँगेनीजभोवतीचे ऑक्सिजनचे पिंजरे तिघा-तिघांच्या गटाने कलतात. त्या कलण्याने यिट्रियमचे आयन वर-खाली सरकतात आणि ध्रुवीकरण होते.

कलण्याच्या तऱ्हा तीन, ध्रुवीकरणाच्या दिशा दोन. म्हणून सहा प्रकारची क्षेत्रे, म्हणजे एकसारख्या मांडणीचे भाग. ती एका बिंदूभोवती सहा पाकळ्यांच्या फुलासारखी जमतात. हे दृश्य २०१० मध्ये समोर आले. विद्युतदाब दिला की नको त्या पाकळ्या अरुंद होतात, पण मधला बिंदू सुटत नाही. त्याआधी, २००२ मध्ये, मानफ्रेड फीबिग आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की यिट्रियम मँगेनाइटात ध्रुवीकरणाच्या क्षेत्राची सीमा जेथे असते तेथे चुंबकीय मांडणीच्या क्षेत्राचीही सीमा असते. वीज आणि चुंबक यांची ही सांगड या पदार्थाचे खरे मोल आहे.

अणूंच्या या इवल्या चुंबकांची मांडणी क्ष-किरणांना सहसा कळत नाही. न्यूट्रॉन स्वतःच चुंबकीय असल्याने त्याला कळते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर या कुळातील संयुगे न्यूट्रॉनखाली तपासली गेली आहेत. विद्यापीठांतील संशोधकांनाही आपले नमुने तेथे नेता येतात.